शंका असल्यास, चार ते पाच

थोरलीला एक ओळ खोडायची होती. एकच. आणि ओळी खोडणं हा तर तिचा पोटापाण्याचा व्यवसाय होता. शालेय पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेत ती एकोणीस वर्षं संपादक होती. तिच्या लाल पेन्सिलीचा असा दरारा होता की लेखक हस्तलिखित तिच्या टेबलावर ठेवून जाताना, पाळणाघरात मूल सोडून निघाल्यासारखे दारापर्यंत तीनदा मागे वळून बघत. भूगोलाच्या एका पुस्तकातून तिने एक अख्खी डोंगररांग 'अनावश्यक' म्हणून काढली होती आणि पाच वर्षांत एकाही शिक्षकाला तिची उणीव भासली नव्हती. तेव्हा स्वतःच्या वडिलांनी लिहिलेल्या मार्गदर्शिकेतली शेवटची ओळ काढायला कितीसा वेळ लागणार? तिने त्यासाठी एक रविवारची सकाळ राखून ठेवली. पुढे त्यात साडेतीन महिने गेले.

ओळ अशी होती: 'शंका असल्यास', मग बाबांचं पूर्ण नाव, मग 'यांना दुपारी चार ते पाच या वेळात फोन करावा', आणि शेवटी घरातल्या फोनचा नंबर.

बाबांना जाऊन दीड महिना झाला होता. लोकांच्या शंका काही संपल्या नव्हत्या.

आता ही मार्गदर्शिका कसली, ते सांगायला हवं. बाबा एका अपील कचेरीत बत्तीस वर्षं कारकून होते. हुकूम मिळाल्यापासून तीस कामाच्या दिवसांत अर्ज करा, असल्या मुदती मोजणं हे त्यांचं काम. सुट्ट्या वगळा, रविवार वगळा, बोटं मोजा, बोटं संपली की शेजारच्या कारकुनाची बोटं घ्या, असा तो कारभार. निवृत्त झाल्यावर ज्या वर्गात त्यांच्या वयाचे बाकीचे लोक नातवंडांचे फोटो पाठवायला शिकत होते, त्याच वर्गात बसून बाबा प्रोग्राम लिहायला शिकले आणि त्यांनी मुदत मोजणारा एक प्रोग्राम लिहिला. त्याला नावही दिलं 'मुदत'. सॉफ्टवेअर करणारे लोक सगळं काही स्वतः लिहीत बसत नाहीत. असे दुसऱ्यांनी लिहिलेले तयार तुकडे घेतात आणि आपल्या इमारतीत बसवतात. अशा तुकड्याला ते लायब्ररी म्हणतात. बाबांनी आपली लायब्ररी, तिचा सगळा मजकूर आणि मार्गदर्शिकेसकट, इंटरनेटवर ठेवून दिली: ज्याला हवी त्याने न्यावी. लोकांनी नेली. परवाना कचेऱ्यांनी नेली, वाचनालयांनी नेली, दवाखान्यांनी नेली. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखं होतं ते. सगळी इमारत तिच्यावर अवलंबून, आणि पाणी जाईपर्यंत टाकी कुठे आहे हे कोणाला माहीत नसतं.

पण बाबांच्या टाकीवर फोन नंबर होता. अकरा वर्षं रोज दुपारी चारला ते चष्मा पुसून, वही उघडून फोनशेजारच्या खुर्चीत बसत. फोन वाजला की पहिला प्रश्न ठरलेला: "आपण कितवी आवृत्ती वापरता?" घरात बाबांनी कोणाला 'आपण' म्हटल्याचं थोरलीच्या ऐकिवात नव्हतं. त्या तासात तिने कचेरीतून कधी फोन केलाच तर ते म्हणत, "पाचनंतर कर. लाइन मोकळी ठेवायची आहे." पाचनंतर तिच्यामागे तपासायची मुद्रितं असत, बस असे, भाजी असे. ती करत नसे. तो राग तिने कितीतरी वर्षं नीट घडी घालून ठेवला होता आणि आता तो कोणाला दाखवायचा हा प्रश्नच होता.

आईचं मत त्या फोनबद्दल घरातल्या भिंतींनाही पाठ होतं. "बंद करा तो फोन एकदाचा. एक दिवस दुपारची झोप नाही." हे ती रोज चहाचा कप फोनशेजारी ठेवताना म्हणे.

आता थोरली रोज संध्याकाळी साडेसातला आईला फोन करत असे. बाबा असताना जमत नव्हतं, आता जमत होतं. हे तिच्या लक्षात आलं होतं, पण त्यावर ती फार वेळ थांबत नसे. आई सांगायची, जेवले, गोळी घेतली, आज दोन फोन आले. दुसऱ्या दिवशी, आज चार आले, एकजण तर फार लांबून बोलत होता. थोरलीच्या काळजाला घरं पडत. नवरा जाऊन दीड महिना झालेल्या बाईने परक्या माणसांच्या सुट्ट्या मोजायच्या? फोनच काढून टाकावा तर आईच्या बहिणीचा फोन रोज सकाळी त्याच्यावर यायचा, आणि धाकट्या भावाने दिलेला मोबाइल आईने उगाच झिजू नये म्हणून कपाटात ठेवला होता. तेव्हा ओळ काढणं हाच मार्ग होता.

त्या रविवारी ती गेली, तेव्हा तळमजल्यावरचे तज्ज्ञ आधीच येऊन बसले होते. तज्ज्ञ हे नाव बाबांनी दिलेलं. ते वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झाले होते आणि जगात कुठलीही गोष्ट तंतोतंत नसते यावर त्यांचा विश्वास होता, एक त्यांचा सल्ला सोडून. कॉम्प्युटर उघडायला पासवर्ड हवा होता. बाबांच्या वहीच्या पहिल्याच पानावर सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'पासवर्ड: नेहमीचा.'

तज्ज्ञांनी पद्धतशीरपणे सुरुवात केली. बाबांची जन्मतारीख, आईची जन्मतारीख, लग्नाची तारीख, निवृत्तीची तारीख. मग ते हात धुवायला गेले, तेव्हा थोरलीने घाईघाईने स्वतःचं नाव घालून पाहिलं. कॉम्प्युटरने ते ओळखलं नाही, आणि वर चोवीस तासांसाठी कुलूप लावून घेतलं. तज्ज्ञांनी परत येऊन विचारलं की शेवटी काय घातलं होतं, तेव्हा तिने सांगितलं, काही नाही, चुकून हात लागला.

आई स्वयंपाकघराच्या दारात टॉवेलला हात पुसत उभी होती. ती म्हणाली, "वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक. सगळीकडे तोच असतो त्यांचा. मला कोणी विचारलंच नाही."

त्यामुळे पुढचा रविवार. ग्राहक क्रमांक घातल्यावर कॉम्प्युटर निमूटपणे उघडला. नवी आवृत्ती बाहेर कशी काढायची, त्याच्या अकरा पायऱ्या वहीत लिहिलेल्या होत्या. थोरलीने मार्गदर्शिका उघडली, शेवटच्या ओळीवर आली आणि एकोणीस वर्षांच्या अधिकाराने ती उडवली. मग पायरी दोन, पायरी तीन, आणि पायरी चारला पडद्यावर अक्षरं उमटली:

'मार्गदर्शिका ४११, प्रोग्राम ४१२. कोणीतरी घाई करतंय. पाणी पिऊन या.'

 ती उठली आणि खरोखरच जाऊन पाणी प्यायली.

भानगड अशी होती. जे समजावून सांगता येत नाही ते लिहू नये, असं बाबांचं म्हणणं. म्हणून प्रोग्रामच्या प्रत्येक ओळीसाठी त्यांनी मार्गदर्शिकेत एक ओळ लिहिली होती, आणि दोन्हींच्या ओळी मोजणारा एक पहारेकरी दारात बसवला होता. आकडे जुळले तरच नवी आवृत्ती बाहेर. फोनच्या ओळीची जोडीदार म्हणून प्रोग्रामच्या अखेरीस 'समाप्त' अशी ओळ लिहिलेली होती. वजनमापंवाल्या तज्ज्ञांना हा पहारेकरी अतिशय आवडला. त्यांच्या मते उपाय उघड होता: तराजूच्या एका पारड्यातून काढलं की दुसऱ्यातूनही काढायचं. चारशे ओळींतली एक कमी झाली तर कोणाला कळतंय?

थोरलीने 'समाप्त' काढून पाहिलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण शेवट नसलेला मजकूर छापायला सोडणं तिच्या हातून शक्य नव्हतं. म्हणून संपादकाने शोधावं तसं तिने पाल्हाळ शोधलं, आणि ते सापडलंही. दोनशे आठवी ओळ: 'दिवस एकने पुढे सरकव.' दोनशे नववी ओळ: 'दिवस एकने पुढे सरकव.' अक्षराला अक्षर तीच. मार्गदर्शिकेत दोनशे नवव्या ओळीपुढे बाबांनी लिहिलं होतं: 'वरचीच ओळ पुन्हा. मुद्दाम.'

आता एकोणीस वर्षांत थोरलीला असा एकही लेखक भेटला नव्हता, ज्याने एक वाक्य दोनदा लिहून वर 'मुद्दाम' म्हटलं नव्हतं. ती त्यांच्याशी वाद घालत नसे. पेन्सिल चालवत असे. तिने दोनशे नववी ओळ काढली. चारशे अकराला चारशे अकरा. पहारेकऱ्याने बाजूला होऊन वाट दिली, आणि दुपारी दोनच्या आत 'मुदत'ची नवी आवृत्ती जगात गेली. तज्ज्ञांनी तिच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "बापाची लेक शोभतेस."

ज्यांची सॉफ्टवेअरं आपण होऊन नवीन आवृत्ती उचलतात, त्यांनी ती सोमवारी उचलली. मंगळवारी निरनिराळ्या गावांतल्या वाचनालयांनी पुस्तकं एक दिवस आधीच परत मागितली. एका परवाना कचेरीत रांगेतल्या माणसांना सांगण्यात आलं की तुमची मुदत काल संपली. एका दवाखान्याने टाके काढायला बोलावलेल्या लोकांना उद्याचं आज बोलावलं आणि आल्यावर परत पाठवलं. मुदती सगळीकडे बरोबर एक दिवसाने लवकर संपू लागल्या. आणि नवी मार्गदर्शिका कोणीच वाचलेली नव्हती. तशी ती कधीच कोणी वाचत नाही. सगळ्यांच्या खणात जुनी छापून ठेवलेली होती, शेवटच्या ओळीसकट.

संध्याकाळी आई म्हणाली, "आज तेवीस."

थोरलीने जीभ चावली. तिने क्षमा मागितली, उद्या सुटी घेऊन येते म्हणाली, फोनची तार काढून ठेव म्हणाली. आईला त्यातलं काही ऐकू आलं नसावं. तिने विचारलं, "दोनशे नववी ओळ काढलीस का तू?"

"तुला कसं कळलं?"

"अकरा वर्षं तेच तर विचारत होते लोक, ती दोनदा का म्हणून. मी आत पोळ्या लाटत ऐकत होते ना. हुकूम हातात पडतो, तो दिवस मोजायचा नसतो. म्हणून एक पाऊल जास्त." मग आईने बाबांचं वाक्य बाबांच्याच चालीवर म्हटलं, "बातमी कळते तो दिवस माणसाचा नसतो. तो धरायचा नाही."

 थोरलीलाही एक दिवस होता, हिशेबात न धरलेला. बाबा गेले त्या दिवशी ती कचेरीत दुपारी साडेचारपर्यंत आठवीच्या इतिहासातले स्वल्पविराम तपासत बसली होती, कारण चारला घरून फोन आला तेव्हा तिने तो सवयीने घेतला नव्हता. चार ते पाच त्या घरातून कोणी आपल्याला फोन करत नाही, हे तिला ठाऊक होतं.

आईने त्या तेवीस जणांना काय सांगितलं, तेही कळलं. जुन्या आवृत्तीवर परत जा, ती बरोबर आहे. म्हणजे फोन नंबर असलेल्या आवृत्तीवर. तेवीसच्या तेवीस जण आज्ञाधारकपणे परत गेले होते, आणि यापुढे नवीन काही उचलायचंच नाही अशी खूणगाठही त्यांनी बांधली होती. थोरलीने दोनशे नववी ओळ जागच्या जागी बसवली आणि फोनच्या ओळीच्या जागी लिहिलं, 'या लायब्ररीचे लेखक हयात नाहीत. कृपया फोन करू नये.' चारशे बाराला चारशे बारा. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. काढायचं नसेल तर बदलावं, हे ती शिकाऊ संपादकांना पहिल्या आठवड्यात सांगते. पण आता ती आवृत्ती घेणारं जगात कोणी उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाच फोन आले, त्याच्या पुढच्या दिवशी तीन.

त्यातले बहुतेक एकाच वाटेने येत होते, हे तिच्या हळूहळू लक्षात आलं. एक मोठी कंपनी होती, अर्ध्याअधिक कचेऱ्यांना सॉफ्टवेअर पुरवणारी. तिने 'मुदत'ची एक प्रत फार पूर्वीच आपल्या भांडारात नेऊन ठेवली होती, मार्गदर्शिकेसकट, आणि तीच सगळीकडे वाटत होती. त्या कंपनीत बाह्य घटक विभाग नावाचा एक विभाग होता. बाहेरच्यांनी लिहिलेल्या गोष्टी सांभाळणारा. तिथल्या अधिकारी बाईंचा आवाज अतिशय गोड होता, आणि थोरलीला पुढचे दोन महिने तो जवळजवळ रोज ऐकावा लागला.

एक ओळ काढायची आहे, थोरलीने सांगितलं. बाई म्हणाल्या, जरूर, त्यासाठी चौदा कलमांचा एक अर्ज आहे, खाली घटक-मालकाची सही.

"मालक हयात नाहीत."

"अरेरे. मग घटक निराधार गटात जाईल, मॅडम."

"जाऊ दे. ओळ तेवढी काढा."

"निराधार घटकात बदल करता येत नाही. बदलाला मालकाची सही लागते."

"मालक हयात असते तर ही ओळ काढायची गरजच काय होती?"

बाईंनी यावर प्रामाणिकपणे विचार केला असावा. त्या म्हणाल्या, "हे तुम्ही 'शेरा' या रकान्यात लिहू शकता."

थोरलीने शेरा लिहिला. तो परत आला, कारण रकान्यात ऐंशी अक्षरं मावत होती आणि तिची एक्याऐंशी झाली होती. आयुष्यभर दुसऱ्यांना शब्दमर्यादा शिकवणाऱ्या बाईला हा घाव वर्मी लागला. तिने एक स्वल्पविराम काढला आणि पुन्हा पाठवला. मग असं ठरलं की घटकाला नवा मालक मिळाला तर तो निराधार गटातून बाहेर येऊ शकतो. त्यासाठी जुन्या मालकाच्या मृत्यूचा दाखला, नव्या मालकाच्या हयातीचा दाखला, सर्व वारसांची ना-हरकत, आणि नव्या मालकाला घटक समजतो की नाही याची वीस मिनिटांची तोंडी परीक्षा.

हयातीचा दाखला मिळवायला ती स्वतः गेली, तर खिडकीतल्या कारकुनाने दाखला मागणाऱ्याच्या ओळखीचा माणूस बरोबर आणायला सांगितलं. ती तज्ज्ञांना घेऊन गेली. तज्ज्ञांनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि सांगितलं की माझ्या माहितीप्रमाणे ही जिवंत आहे. त्यांना 'तंतोतंत' म्हणायचं नव्हतं.

राहिला धाकटा. तो दूर एका शहरात असतो. इतके दिवस त्याचं म्हणणं, ताई, तू कर ना, मी आहेच. ना-हरकतीचा कागद हातात पडल्यावर मात्र तो खरोखरच आहे असं निघालं. त्याने तीन पानी सूचना पाठवल्या. बाबांचा फोटो असावा. 'मुदत' हे नाव जरा उदास वाटतं, त्याऐवजी काहीतरी आशादायक असावं. मालक एकटी ताईच का, दोघांची नावं का नकोत, आणि दोघांची असतील तर अकारविल्हे का नकोत, म्हणजे त्याचं आधी आलं असतं. थोरलीने फोनवर सांगितलं की ही वडिलोपार्जित जमीन नाही, चारशे बारा ओळी आहेत आणि त्यातली एक आपण काढतोय.

 तो म्हणाला, "ताई, त्या सगळ्यात माझं नाव कुठे आहे का गं?"

"नाही."

"तुझं?"

"नाही."

"तू बघितलंस?"

"ओळ न् ओळ."

त्यानंतर दोनच दिवसांत त्याची सही आली. कागद वाकडा स्कॅन केलेला होता, पण सही सरळ होती.

तोंडी परीक्षेत बाईंनी गोड आवाजात सतरा प्रश्न विचारले. त्यातले नऊ थोरलीला आले. शेवटचा होता, दोनशे आठ आणि दोनशे नऊ या ओळी एकच का आहेत, ही चूक समजावी का. थोरलीने आईचं उत्तर दिलं, त्यातला शेवटचा भाग सोडून. बाईंनी टाइप केलं, वाचून दाखवलं आणि ती उत्तीर्ण झाल्याचं सांगितलं. आता घटकाला मालक होता. मालकाने सही केली. ओळ निघाली.

तसं पत्र आलं, कंपनीच्या शिक्क्यासह. त्यासोबत बदललेल्या मार्गदर्शिकेचं शेवटचं पान होतं, सगळ्या कचेऱ्यांना जुन्या पानावर चिकटवायला पाठवलेलं. चारशे बारावी ओळ आता अशी होती: 'शंका असल्यास कंपनीच्या मदत केंद्राशी संपर्क साधावा.' थोरलीने ते पान दोनदा वाचलं. मग तिने पहिल्या पानापासून सगळी मार्गदर्शिका मागवून घेतली आणि चाळली. बाबांचं नाव त्या सबंध दस्तऐवजात एकाच ठिकाणी होतं, शेवटच्या ओळीत, फोन नंबराच्या आधी. दुसरीकडे कुठेही त्यांनी ते लिहिलं नव्हतं. एकोणीस वर्षं संपादनात काढलेल्या बाईच्या हे लक्षात यायला हवं होतं. तिने बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या की नाव पुन्हा घालता येईल, त्यासाठी चौदा कलमांचा एक अर्ज आहे.

तरी काम तर झालं होतं. तिने पत्र प्लास्टिकच्या पाकिटात घातलं, अर्धी रजा टाकली, आणि गुरुवारी दुपारी पावणेचारला आईकडे गेली. मनात कुठेतरी तिला शाबासकी हवी होती. पन्नाशी जवळ आली म्हणून ती भूक जात नाही. आईने पत्र चष्मा लावून वाचलं, घडी घातली, पाकिटात परत ठेवलं. "बरं," म्हणाली. मग तिने गॅसवर चहा ठेवला, एक कप ओतला, तो फोनशेजारी नेऊन ठेवला आणि बाबांच्या खुर्चीत बसली. वही उघडली. चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा लावला.

चार वाजले. थोरली पलंगाच्या कडेवर बसून राहिली. तिने एकदा काहीतरी विचारलं, तर आईने नुसता हात वर केला, लाइन मोकळी ठेवायची असल्यासारखा. सव्वाचार झाले. खाली तज्ज्ञ कोणाला तरी सल्ला देत होते, ते ऐकू येत होतं. साडेचार. चहावर साय आली. पाचला आईने वहीत काहीतरी लिहिलं, वही मिटली आणि कप आत नेऊन मोरीत रिकामा केला.

ती आत असताना थोरलीने वही उघडली. बाबांचं अक्षर एका पानाच्या मध्यावर थांबलं होतं. त्याच पानावर, एकही ओळ न सोडता, आईचं सुरू झालं होतं. 'दोन. पहिल्या बाई होत्या, प्रश्न नेहमीचा. सांगितलं.' 'चार. एकजण फार लांबून. त्यांच्याकडे पाऊस नाही म्हणाला.' 'एक. यांच्याबद्दल विचारलं. नाहीत म्हटलं. बराच वेळ बोलला, भला माणूस.' 'तेवीस.' त्या आकड्याखाली आईने दोन रेघा मारल्या होत्या, परीक्षेत पहिल्या आलेल्याच्या नावाखाली मारतात तशा. मग आकडे उतरत गेले होते. गेले नऊ दिवस रोज तारीख आणि पुढे, 'कोणी नाही.' आजचीही ओळ तीच.

ती पुन्हापुन्हा आलेली ओळ बघताना थोरलीचा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला नाही.

आई दारात आली होती. थोरलीने वही मिटली. म्हणाली, "तूच म्हणायचीस ना, बंद करा तो फोन एकदाचा."

"ते मी त्यांना म्हणायचे," आई म्हणाली. "तुला कधी म्हटलं?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. आईने मग विचारलं की तू जेवायला थांबणार आहेस का, आणि थोरली नाही म्हणाली, बस आहे.

शुक्रवारी कचेरीत पाचवीच्या विज्ञानाची मुद्रितं आली होती. त्यात हृदयाच्या चित्राखाली फुप्फुस लिहिलं होतं. थोरलीने ते दुरुस्त केलं. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली. ती उठली, मोबाइल घेऊन जिन्याच्या मधल्या वळणावर गेली, जिथे कोणी नसतं. चार ते पाचच्या दरम्यान तो नंबर फिरवून तिला किती वर्षं झाली होती, ते तिला मोजता आलं नाही. पलीकडे एकदाच वाजलं आणि उचललं गेलं.

"नमस्कार," आई म्हणाली. असा आवाज थोरलीने तिच्याकडून कधी ऐकला नव्हता.

"एक शंका होती," थोरली म्हणाली.

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला. 

"आपण कितवी आवृत्ती वापरता?"

"जुनीच," थोरली म्हणाली. "जुनीच आहे माझ्याकडे."

"मग थांबा हं," आई म्हणाली. "वही घेते."